तंजावर बाराही महिन्यांत नापास

तंजावरला येण्याजोगा वर्षात एकही महिना नाही, हे सप्रमाण सिद्ध करणारा पहिला माणूस मी आहे. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्याच्यापायी माझी आई अकरा दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. गल्लीच्या टोकाला परदेशी फोन करण्याचं बूथ नुकतंच उघडलं होतं आणि मी शाळेत भूगोल शिकवत होतो. आमचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं. (आमची घरातली मराठी ऐकून पुण्याचे एक पाहुणे कौतुकाने म्हणाले होते, "तुमची तमिळ बरीचशी समजते हो.") माझी थोरली बहीण अक्का लग्नानंतर कॅनडाला गेली. नऊ वर्षांपूर्वी ती आणि भावोजी वर्षभराच्या नंदिनीला घेऊन मे महिन्यात आले होते. तिसऱ्याच दिवशी पोर उन्हाने मलूल झाली, सलाईन लावावं लागलं, आणि भावोजींनी उरलेली रजा दवाखान्याच्या बाकावर काढली. त्यानंतर कोणी आलं नाही.

आई मात्र दर दिवाळीला नातीसाठी रेशमी पावाडै शिवायची. पावाडै म्हणजे मुलींचा घोळदार परकर. माप नव्हतंच, सगळा अंदाज फोटोवरून. पोर वाढली तर सोडता याव्यात म्हणून खाली चार-चार दुमडी घालायची. असे आठ परकर ट्रंकेत जमले होते आणि त्यांतला एकही कोणी नेसलं नव्हतं.

मग भावोजींचं पत्र आलं. ते इंजिनियर आहेत, त्यामुळे पत्रातही मुद्द्यांना क्रमांक असतात. 'तीन आठवडे रजा मिळेल. सगळा देश बघायचा आहे. या वेळी आधी ऋतू, मग तिकीट. कुठे कधी हवा चांगली असते, ते शास्त्रीय पद्धतीने कळव.'

'शास्त्रीय पद्धतीने' या दोन शब्दांनी माझा घात केला.

मी मोठा कागद आणला. आडवे बारा महिने, उभी सात गावं. दिल्लीपासून सुरुवात, शेवटी तंजावर. हवा चांगली तर हिरवी खूण, दोष आढळला तर लाल फुली. तळाशी इंग्रजीत नियमही लिहिला : एक दोष, एक फुली, अपवाद नाही. आता दिल्ली, जयपूर, सिमला मी पाहिलेली नव्हती. त्यांची माहिती पाठ्यपुस्तकातली, आणि पाठ्यपुस्तकात डास नसतात. तंजावरचा मात्र मला अडतीस वर्षांचा अनुभव होता.

"जानेवारीस यावं की," आई भाजी चिरता चिरता म्हणाली.

"मळणी चालू असते. भुशाची धूळ. पोरीला शिंका येतील."

"शरी, बरं. मग आडी महिन्यांत. कावेरीस नवं पाणी येतंय."

"जुलै-ऑगस्टचं नवं पाणी गढूळ असतं."

"मार्गळींत? गार असतंय."

"पहाटे साडेचारला देवळांचे लाउडस्पीकर सुरू होतात."

"तें हवामान कां?"

"झोपेवर परिणाम होतो," मी म्हणालो आणि डिसेंबरवर फुली मारली.

आईने चाकू खाली ठेवला. "मग दिवाळीस."

दिवाळी म्हणजे आमचा ऐप्पशी महिना. महाराष्ट्रात पाऊस आवरतो तेव्हा आमच्याकडे सुरू होतो, आणि वादळं घेऊन येतो. मी आईला हे वर्गात सांगतो तसं सांगितलं.

"तूं ऐप्पशीच्या पावसांतच जन्मलास," आई म्हणाली. "मेलास कां?"

मी ऑक्टोबर आणि नोव्हेंबर, दोन्हींवर फुली मारली. उरलेल्या महिन्यांचा निकाल मग मी तिला न विचारताच लावला.

फॅक्स करायला बूथवर गेलो. बूथवाला सेल्वम कागद यंत्रात घालताना थबकला.

"सर, हा शेवटचा पोरगा सगळ्या विषयांत नापास?" त्याने तमिळमध्ये विचारलं.

"पोरगा नाही. तंजावर."

सेल्वमने कागद पुन्हा पाहिला. त्याचाही जन्म तंजावरचाच. "दोन मार्कं देऊन पास करा की, सर. आपलंच गाव आहे."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. अठरा वर्षांच्या नोकरीत मी कोणाला दोन मार्कं वाढवून दिली नव्हती, आणि त्याचा मला अभिमान होता.

चार दिवसांनी उत्तर आलं. भावोजींनी चार्टची मनापासून स्तुती केली होती. एजंटकडून आरक्षणही झालं होतं. डिसेंबर महिना, दिल्ली, आग्रा, जयपूर, मुंबई. तंजावर 'चार्टनुसार' वगळलं होतं. शेवटच्या मुद्द्यात लिहिलं होतं, 'आईंना दिल्लीला घेऊन ये. सगळ्यांची भेट होईल.'

आईचे गुडघे असे की ती देवळाची पायरी चढताना थांबते. तिला घेऊन दिल्ली म्हणजे रेल्वेत दोन रात्री, आणि पुढे ती डिसेंबरची थंडी. मी पत्र वाचून दाखवलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण ती रागावली नाही. त्या वर्षीचा परकर शिवून होत आला होता. तिने त्याची नीट घडी केली आणि तो ट्रंकेत आठांवर ठेवला.

"तूं खरं तेंच लिहिलास," ती म्हणाली. "येथें काय आहे यायास."

त्यानंतर ती बोलायची थांबली. जेवायला वाढायची, पण 'अजून घे' म्हणायची नाही. मी अडतीस वर्षांचा घोडा, पानावर मान खाली घालून बसायचो. मला स्वतःची फार लाज वाटत होती.

अकराव्या दिवशी बूथवर जाऊन कॅनडाला फोन लावला.

"तंजावर तसं वाईट नाही," मी भावोजींना म्हणालो.

"म्हणजे चार्ट चुकला?"

"नाही. चार्ट बरोबर आहे." (काचेपलीकडून सेल्वमने कपाळावर हात मारून घेतला.)

अक्काने फोन घेतला. "आई काय करत्ये?"

"पावाडै ट्रंकेत ठेवली. माझ्याशी बोलत नाही."

मग तिने विचारलं, "दिवाळी कधीं आहे?"

"नोव्हेंबरात. पण अक्का, नोव्हेंबरवर..."

"फुली आहे. पाहिलें." तिने फोन ठेवला.

अक्का तिकिटं बदलून दिवाळीला येतेय, हे घरी येऊन सांगितलं. आईने ट्रंक उघडून अर्धवट परकर बाहेर काढला आणि अकरा दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली, "मशीनीस तेल घाल."

दिवाळीच्या आदल्या दिवशी ते येणार होते, आणि दोन दिवस आधीपासून वादळ. मी आईला एकदाही 'सांगितलं होतं ना' म्हणालो नाही. (मनात चौदा वेळा म्हणालो.) सकाळी सेल्वम धावत आला. रुळांवर पाणी आल्याने गाडी अलीकडच्या पापनाशम स्टेशनातच थांबली होती, आणि अक्काने तिथून फोन केला होता. मी तिघांसाठी तीन छत्र्या घेतल्या आणि मोपेडवर निघालो. तीन माणसं आणि सामान मोपेडवर कसं आणणार, हा विचार मला अर्ध्या वाटेवर सुचला. त्याच सुमारास मोपेडच्या इंजिनात पाणी शिरलं.

मी ती ढकलू लागलो. समोरून एक बस आली आणि मला डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखून गेली. खिडकीतून एक मुलगी हात हलवत होती. मीही हलवला. आमच्या भागातली पोरं गोड असतात, असं वाटून गेलं. पापनाशमच्या स्टेशनवर पोचलो तेव्हा कळलं की कॅनडाची मंडळी दोन तासांपूर्वीच बसने गेली.

मी मोपेड ढकलत परत आलो तेव्हा दुपार कलली होती. गल्लीत घोटाभर पाणी. दारात आई, आणि तिच्यापुढे नवा परकर नेसलेली दहा वर्षांची नंदिनी. चारही दुमडी सोडल्या होत्या, तरी परकर वीतभर आखूड होता.

"लहान झाली," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. नऊ वर्षांचा अंदाज वीतभर चुकला होता.

नंदिनीला आमची मराठी समजते, बोलता फारशी येत नाही. तिने आजीकडे पाहिलं, परकराच्या काठाकडे पाहिलं, आणि पायऱ्या उतरून सरळ पाण्यात शिरली. शेजारच्या पोरी आपापले परकर दोन्ही हातांनी वर धरून उभ्या होत्या. हिला धरावा लागला नाही. काठाला पाणी टेकलंसुद्धा नाही.

"माप बरोबर, पाटी," ती खालून म्हणाली.

पाटी म्हणजे आजी. आई हसली, आणि मग पदराने डोळे पुसत राहिली. मी चिखलाने भरलेला, तिन्ही मिटलेल्या छत्र्या काखेत घेऊन, तिथेच उभा राहिलो.

ते नऊ दिवस राहिले. पाऊस सात दिवस पडला. नंदिनीला साधी शिंकही आली नाही. ती कालव्यावर गेली, नारळ प्याली, आईच्या ट्रंकेतले लहान परकर शेजारच्या पोरींना वाटून आली. हे सगळं मला ऐकून कळलं, कारण पहिल्या रात्रीपासून मी एकशे तीन तापाने अंथरुणात होतो. सलाईन मला लागलं. भावोजी सवयीने दवाखान्याच्या बाकावर बसले.

निघण्याच्या दिवशी नंदिनी माझ्या उशाशी आली. भावोजींनी प्लॅस्टिकच्या कव्हरात जपून आणलेला चार्ट तिच्या हातात होता. तंजावरच्या ओळीतल्या प्रत्येक फुलीवर तिने हिरवी खूण केली होती. त्याखाली एक नवी ओळ आखून इंग्रजीत 'मामा' लिहिलं होतं, आणि पुढे बाराही महिन्यांत लाल फुल्या.

"नंदिनी," मी क्षीण आवाजात म्हणालो, "दोन मार्कं दे की. आपलाच मामा आहे."

तिने गंभीरपणे कागदाच्या तळाशी लिहिलेल्या माझ्याच नियमावर बोट ठेवलं.