बॅटरी जमिनीवर होती

चूक माझी होती, हे आधीच सांगतो. भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही... पण त्या संध्याकाळचं काय करायचं, ते अजून कळलेलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. परदेशी कंपनीत नोकरी लागली आणि मी गुडगावच्या एका नव्या सोसायटीत राहायला गेलो. समोर अजून मोहरीची शेतं होती. बाबांची जुनी अँबॅसडर मी हौसेने स्वतःच रंगवली — बॉनेटच्या आतसुद्धा. तेव्हापासून तिचे दिवे मिणमिणायला लागले. आदल्या वर्षी वायरिंग दादाने केलं होतं, म्हणून मी सगळं खापर त्याच्यावर फोडलं.

दादा फौजेत, दिल्ली कँटला. रविवारी तो आला, दिवे लावून पाहिले आणि बॉनेटखाली वाकून हसायलाच लागला. "गाडी रंगवलीस की नवरी नटवलीस? अर्थिंगच्या बोल्टखालीपण रंग फासलायस. करंट परत जाणार कुठून? खरवड आधी."

एव्हाना शेजारी जमले होते. बॅटरी काढून जमिनीवर ठेवता ठेवता तो त्यांना म्हणाला, "साहब बन गया, पाना पकडना भूल गया."

सगळे हसले. मी पाना उचलला आणि दादाच्या तोंडावर मारला. तो गाडीसमोर कोसळला. मी पुन्हा मारला.

आणि दिवे पेटले. दोन्ही, पांढरेफटक. त्या उजेडात मला दादाचा डोळा दिसला — म्हणजे जिथे डोळा असतो तिथलं रक्त. मी पाना फेकला, तेव्हाच ते विझले. दिव्यांचं बटण चालूच राहिलं होतं, हे खरं. पण बॅटरी माझ्या पायाशी होती, दोन्ही वायरी मोकळ्या लोंबत होत्या. शेजाऱ्यांनीही पाहिलं. मग ते दादाला उचलायला धावले.

डोळा गेला. दादाने युनिटमध्ये आणि घरीही सांगितलं, काम करताना पाना निसटला. पुढे मी तो रंग खरवडला, दिवे नीट झाले. मिणमिणण्याचं कारण सापडलं. पेटण्याचं नाही.

गेल्या दिवाळीत दादाच्या दुसऱ्या डोळ्यात थेंब घालताना वहिनी नेहमीसारखी पुटपुटली, "तेव्हा जरा सांभाळून काम केलं असतंत तर..." दादाने नेहमीसारखा हुंकार भरला.

मी म्हणालो, "वहिनी, पाना निसटला नव्हता. मी मारला होता. दोनदा. दादा... मला माफ कर."