अण्णांची खिडकी

वडिलांच्या पलंगाजवळची जुनी खिडकी काढून आम्ही तिथे बाहेर आलेली, काचेची, कुंड्या ठेवायची खिडकी बसवली. पडून असलेल्या माणसाला जरा हिरवं दिसावं, एवढंच मनात होतं. अण्णांनी विचारलं, "किती पडले?" म्हाताऱ्यांना सांगायची जी किंमत असते, खऱ्याच्या निम्मी, तीच सांगितली. तरी ते म्हणाले, "बाप रे!"

आता कुंडीतली जास्वंद अशी फोफावली आहे, की खालचा रस्ताच दिसत नाही. त्या रस्त्याने रोज सकाळी भाजीवाल्या मावशी जायच्या. टोपली सावरत वर बघून विचारायच्या, "बरंय ना अण्णा?" अण्णा उशीवरूनच हात वर करायचे. त्यांचं बाहेरच्या जगाशी तेवढंच बोलणं उरलं होतं. कुणाला काय बघून बरं वाटेल, हे आपण किती खात्रीने ठरवून टाकतो!

काल म्हटलं, "अण्णा, कुंड्या काढू का?"

"नको रे. त्यांच्यासाठीच तर एवढा खर्च केलास."

आज सकाळी मी चहा घेऊन गेलो, तेव्हा बंद काचेतून मावशींची "मेथीऽ, पालकऽ" हाक पुसट ऐकू आली.

अण्णांनी जास्वंदीच्या पानांकडे बघत हात वर केला.