अकराव्या प्रश्नाची खूण

हे जाऊन वर्ष झालं. काल यांच्या फायली आवरताना ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये भरून घेतलेली स्वभावाची चाचणी सापडली. त्या दिवशी हे हसतच घरी आले होते. "अगं, सगळ्यांना ती परीक्षाच वाटली. शेजारचा देसाई हळूच विचारतो, अकराव्याचं बरोबर उत्तर काय रे?"

खाली निष्कर्ष टाइप केला होता : आनंदी, माणसांत रमणारा. अगदी खरं, मी मनात म्हटलं. तेवढ्यात कागद खिडकीच्या उजेडात तिरका झाला.

अकरावा प्रश्न होता, 'चार माणसांत असूनही एकटं वाटतं का?' 'कधीच नाही'पुढे पेनची ठसठशीत खूण होती. 'नेहमी'पुढची पेन्सिलची खूण खोडरबरानं पुसली होती, पण ती कागदात रुतून राहिली होती.

या असल्या चाचण्यांवर विश्वास कसला ठेवायचा, असं मी म्हणणार होते. पण त्या चाचणीचा काय दोष? तिची यांच्याशी ओळख अर्ध्या तासाची. सांगितलं ते तिनं खरं मानलं.

मी एकतीस वर्षं रोज संध्याकाळी दार उघडून विचारत होते, "कसा गेला दिवस?"

"मस्त," हे म्हणायचे.

आणि मी चहा टाकायला वळायचे.