उपासाच्या दिवशीची गोळी

उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये शोभा टिल्लूंसमोर नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. नवरा श्रीधर, सरकारी शाळेतून रिटायर झालेले, अख्ख्या मोहल्ल्याचे मास्साब. पण घरात मास्साबांचं काही चालत नसे, आणि चालवायची त्यांना हौसही नव्हती. भाजी कुठली, पंखा कितीवर, उपास कधी, सगळं शोभा ठरवणार.

उपासांचं तर विचारूच नका. हिंदी शेजाऱ्यांचा सावन पौर्णिमेनंतर लागतो, मराठी लोकांचा श्रावण पंधरा दिवसांनी, अमावास्येनंतर. महाकालाची सवारी, म्हणजे पालखी, दोन्हींचे सोमवार पाळते, मग शोभा कशी मागे राहील? शिवाय शनिवार, एकादशी, प्रदोष, चतुर्थी. सावन लागला की टिल्लूंचं घर मोरधन, म्हणजे भगर, आणि साबुदाण्यावर चालायचं.

मास्साबांना फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा ती मुळापासून हादरली, पण कुणाला दिसू दिलं नाही. इंदूरच्या दवाखान्यात दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध सुरू झालं. तिथल्या सिस्टरने दोघांना समोर बसवून बजावलं होतं. औषध अंगावर उलटू नये म्हणून फोलिक ॲसिडची छोटी गोळी रोज, एकही दिवस न चुकता. बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन वेळेवर. दुखण्यावरची गोळी आपल्या मनाने घ्यायची नाही, आणि ताप आला की थेट इकडे. शोभाने सगळं ऐकलं आणि त्यातून एवढंच धरलं, की खरं औषध बाटलीतलं, गोळी आपली ताकदीची.

त्या वर्षी तिने मास्साबांनाही उपासाला बसवलं. त्यांच्या आयुष्यासाठीच तर मागणं होतं. उपासाला औषध पोटात गेलं तर देवाला काय पोचणार? तेव्हा त्या दिवशी गोळी बंद. आठवड्याचे निम्मे दिवस असेच जायला लागले. पहिल्या सोमवारी मास्साबांनी गोळीच्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं, मग शोभाकडे, आणि मुकाट्याने खिचडी खाल्ली.

मराठी श्रावण संपता संपता जो डोस झाला, त्यानंतर त्यांचं तोंड आतून सोलून निघालं. पाणी गिळवेना. मग ताप चढला. सून केतकीने कुणाला विचारत न बसता गाडी काढली आणि दोघांना इंदूरला नेलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक लावलं आणि विचारलं, गोळी रोज चालू आहे ना? मास्साबांनी हो म्हणून मान हलवली. डॉक्टर म्हणाले, मग हे औषधच यांना झेपत नाही, बंद करावं लागेल. याच औषधाने गाठ लहान होत आली होती. दुसरं इतकं लागू पडेल याची काही गॅरंटी नव्हती.

आपलं चुकलं, हे शोभा जन्मात कुणाला म्हणाली नव्हती, आणि इथे तर शेजारी सून उभी.

"रोज नाही दिली," ती म्हणाली. "उपासाला मीच बंद ठेवली. यांचा काही कुसूर नाही."

डॉक्टर चिडले नाहीत. बरं झालं सांगितलंत, म्हणाले. ताप उतरू दे, रक्त सुधारू दे, मग गोळी नेमाने देऊन हेच औषध पुन्हा सुरू करता येतं का बघू.

डॉक्टर गेल्यावर शोभा खाटेपाशी बसली. एक गोष्ट तिला टोचत होती. सिस्टर बजावत होती तेव्हा मास्साबही तिथेच होते, आणि पोरांना प्रश्न नीट वाचा म्हणून सांगण्यात या माणसाची उमर गेली होती.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी मान हलवली.

मग तिचा संताप उसळला. ठाऊक होतं तर बोलला का नाहीत, तोंडाला कुलूप होतं का, जीव काय फुकटचा आहे का, असं ती दबक्या आवाजात सुटलीच. मास्साबांनी तिला बोलू दिलं. मग तोंड फारसं न उघडता, कष्टाने म्हणाले, "माझ्यासाठी उपास करणं, तुझ्या हातात तेवढंच होतं, शोभा. ते कसं काढून घेऊ?"

ती रडायला लागली, सुनेसमोरच.