नवा काटा खाली उतरला तेव्हा

पांढुर्ण्याहून निघालो तेव्हा आठ वाजले होते. जीप नामदेवरावांची. ते माझ्या मित्राचे थोरले भाऊ, संत्र्यांचे कास्तकार (शेतकरी). मागच्या सीटवर त्यांची मुलगी कुसुम, प्रमाणपत्रांची फाईल छातीशी धरून. अकरा वाजता छिंदवाड्याला तिची शिक्षिकेच्या नोकरीसाठी मुलाखत होती. पुढच्या महिन्यात ती वयाची अट ओलांडणार, म्हणजे हीच शेवटची संधी. मी साताऱ्याचा मास्तर, चार दिवसांचा पाहुणा; मुलूख बघायला मिळेल म्हणून हौसेनं पुढे चढून बसलो.

“बसचा काय भरोसा? पोरीले मीच नेऊन घालतो,” नामदेवराव म्हणाले.

जीपमध्ये इंजिनाच्या पाण्याची उष्णता दाखवणारे दोन काटे होते. एक मूळचा, जुना. दुसरा चकचकीत, खास या प्रवासासाठी मिस्त्रीकडून बसवून घेतलेला. दोघांचं जमत नव्हतं. जुना सारखा वर, नवा मध्यावर.

सौंसरला थांबलो. बसस्टँडसमोर तर्री (झणझणीत रस्सा) घातलेले पोहे खाल्ले आणि माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. कुसुमनं बशीला हात लावला नाही. ती जीपपाशी जाऊन काटे बघत होती. जुना तांबड्या रेघेला टेकला होता.

“बाबा, पाणी पाहून घ्या न.”

“मिस्त्रीनं सांगतलं ना, जुना खोटं दाखवते म्हून. इंजन थंडं होऊ देतो म्हटलं तर अर्धा घंटा जाईन. तुलेच उशीर होईन.” मग ते माझ्याकडे वळले. “मास्तर, तुमी सांगा.”

मी शाळेत विज्ञान शिकवतो. नव्या यंत्रावर भरवसा ठेवावा, असं मी बिनदिक्कत ठोकून दिलं.

सौंसर मागे पडलं. दोन्ही बाजूंनी संत्र्यांच्या बागा, मध्येच कपाशी, समोर डोंगर. मला काही धड दिसत नव्हतं; नजर त्या दोन काट्यांवरून हटेना. घाट जवळ आला तशी कुसुम पुढे वाकली.

“बाबा, जळका वास येऊन राह्यला. थांबवा गाडी.”

तेवढ्यात नवा काटा सरसर खाली आला. सत्तर, साठ, पन्नास. नामदेवरावांनी स्टिअरिंगवर थाप मारली. “पाह्य! थंडी होऊन राह्यली गाडी!”

“उगाच घाबरलीस,” मीही म्हणालो.

घाटाच्या पायथ्याशी इंजिन कर्कश ओरडलं आणि जाम झालं.

मागून आलेला पिकल्या मिशांचा ट्रकवाला खाली उतरला. त्यानं बोनेट उघडलं, वरची रबरी नळी दाबून पाहिली. ती रिकामीच होती. खालून कुठून तरी पाणी गळून गेलं होतं.

“पानी ही नहीं है, भाईसाब. नए काँटे की घुंडी इसी नली में है. सूखी नली में क्या नापेगा?”

घुंडी म्हणजे उष्णता मोजणारा भाग; भोवती पाणीच उरलं नाही म्हणून नवा काटा खाली आला होता. सव्वादहा वाजले होते. ट्रकमध्ये एकाच माणसाची जागा होती. अनोळखी माणसासोबत मुलीला एकटीला कसं धाडायचं, म्हणून नामदेवराव घुटमळले. कुसुमनं विचारलंच नाही. फाईल काखेत धरून ती चढली. ट्रक वळणाआड गेला तरी नामदेवराव तिकडेच बघत होते.

दुसऱ्या एका ट्रकनं जीप ओढत परत आणली. संध्याकाळी कुसुम बसनं आली.

“झाली का मुलाखत?” नामदेवरावांनी विचारलं.

“दार लागलं होतं, बाबा. वीस मिनिटं उशीर झाला.” फाईल खाली ठेवत ती म्हणाली, “तुमी जेवले का?”

दुसऱ्या दिवशी मी परतलो. रेल्वेत बसल्यावर माझी मलाच चीड आली. कोणता काटा खरा यावर आम्ही दोन पुरुष डोकं चालवत होतो, आणि ती पोर सरळ “थांबवा” म्हणत होती. तिची माफी मागायला हवी होती. सकाळी तिनं वाटेसाठी डबा बांधून दिला, “परत या, काका” म्हणाली, तेव्हा अंगणात आम्ही दोघंच होतो. मी फक्त डबा घेतला.