जांभळ्या दिव्याखालचा अभ्रा

इस्पितळांचे आणि हॉटेलांचे कपडे धुणाऱ्या त्या मोठ्या लॉन्ड्रीत तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण दिवसभर ती वाचत असे. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात मालकाचा क्रमांक लिहिलेला असे. शाई अशी, की साध्या उजेडात काहीच दिसू नये आणि जांभळ्या दिव्याखाली आकडे निळसर उजळावेत. बिनखिडकीच्या एका खोलीत सव्वीस वर्षे तिने हे आकडे वाचले. त्याच दिव्याखाली अंगाच्या तेलाचे डागही फिकट पिवळे दिसतात, हे तिला सरावाने कळले होते. अभ्र्यावरून माणूस कोणत्या कुशीवर झोपतो ते ती सांगे, आणि इस्त्रीवाल्या बायका म्हणत, "आमच्या घरचे अभ्रे बघू नका हं मास्तरीणबाई, सगळं बिंग फुटेल."

तिची एकुलती लेक तीन दिवसांच्या तापाने गेली. त्यानंतर घरातले सगळे कपडे धुतले गेले. राहिला तो लेकीच्या उशीचा अभ्रा. जन्मभर दुसऱ्यांची मळकी कापडे हौदाकडे धाडणाऱ्या या बाईने हे एकच कापड मळके ठेवले. त्याला लेकीचा वास होता. कशासारखा, ते तिला सांगता आले नसते.

हुंगून हुंगून वास संपेल, या धास्तीने तिने स्वतःला नियम घालून घेतला. वास फक्त रविवारी, एकदाच घ्यायचा. एरवी नुसते पाहायचे. पाहण्याने काय झिजते? अभ्रा झाकणाच्या डब्यात घालून ती रोज कामावर नेऊ लागली. जेवणाच्या सुटीत दार लावून ती तो दिव्याखाली पसरी. कपाळ आणि गाल टेकत त्या जागी एक अंधूक कोर उमटे.

काही महिन्यांनी कोर ठळक होऊ लागली.

"आता कानाची कडसुद्धा दिसते," तिने नवऱ्याला सांगितले.

"अगं, धुऊन टाक तो. नाहीतर मला तरी दाखव एकदा."

"तुम्हाला नाही दिसायची. डोळ्यांना सवय लागते त्याची."

मधले रविवार कसे गेले, कोण जाणे. वास थोडा उतरलाय, असे तिला वाटे आणि ती डबा अधिकच घट्ट लावी. मग एका रविवारी तिने अभ्रा नाकाशी नेला आणि झटकन दूर केला. दुसऱ्या दिवशी तिने तो शेजारच्या खोलीतल्या डागवाल्यांपुढे ठेवला. डाग काढण्यात त्यांची उभी हयात गेली होती.

"हुंगा."

"छे! खवट झालाय. कुठल्या हॉटेलचा हा? पाहुणा तळणीत झोपला होता की काय?"

ती हसली नाही. "असं कशानं होतं, ते सांगा."

"कातडीचं तेल ना ते. उजेडानं मोडतं. त्याचे तुकडे मग गप्प बसत नाहीत, शेजारच्या तेलाला बिघडवत सुटतात. वास बदलतो, कापड पिवळं पडतं. म्हणून तर न धुतलेलं काही मी उन्हात राहू देत नाही."

"ऊन लागलेलंच नाही याला. डब्यात असतो. फक्त दिव्याखाली धरते, रोज थोडा वेळ."

डागवाल्यांनी कापड हातात घेतले, घरी घातलेली शिवण चाचपली, आणि हा अभ्रा कुणाचा असावा हे बहुधा त्यांना तिथेच उमगले. त्यांचा आवाज खाली आला.

"उन्हातलं जे डोळ्यांना दिसत नाही आणि तेल मोडतं, तेच तुमच्या दिव्यात आहे, मास्तरीणबाई."

"पण ती तर जास्त दिसायला लागली होती. रोज जास्त."

"मोडलेलं तेल जास्त चमकतं."

तिने अभ्रा घडी घालून डब्यात ठेवला. मग म्हणाली, "वास परत यायला काही उपाय?"

"नाही."

"आणि धुतला तर?"

"खवटपणा जाईल. चमकही जाईल."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत तिने दार लावले आणि दिवा लावला. कोर कालच्यापेक्षा ठळक होती. कानाची कड स्पष्ट दिसत होती. सुटी संपेपर्यंत ती पाहत राहिली. नाकाशी मात्र तिने तो अभ्रा पुन्हा कधी नेला नाही.