सहा दुबार पॅट

दार उघडून मी "पॅट टिअर्नी?" अशी हाक मारली आणि बाकावरचे सहाही जण उठून उभे राहिले.

सगळ्यात म्हातारा ऐंशीच्या पुढचा, चक्क टाय बांधून आलेला. सगळ्यात धाकटा पंचविशीचा, रबरी बुटांना शेताचा चिखल. बाकीचे चौघे मधल्या वयांचे. सहाही जण माझ्याकडे बघत होते आणि मी हातातल्या कागदाकडे. त्या कागदानुसार या सगळ्यांची नावं मतदार यादीतून काढली होती, कारण ते सगळे मिळून एकच माणूस होते. खाली माझी सही होती.

काउंटरमागे ब्रेडा चहा ढवळत होती.

"एकेकाला आत पाठवू?" तिने विचारलं. "की सगळे एकदम? तुझ्या हिशेबाने तर एकच आहे म्हणा."

मतदार नोंदणी बंद व्हायला चार दिवस होते. त्या चार दिवसांत हे सहा जण परत यादीत गेले नाहीत, तर लोकल इलेक्शनला त्यांना मत देता येणार नव्हतं. आणि हे सगळं माझ्या हुशारीमुळे झालं होतं.

मी बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे. म्हणजे कायदा लिहिणारे आणि सॉफ्टवेअर लिहिणारे यांच्यामधली दुभाषी. शिव्या दोन्हीकडच्या खायच्या, पगार एकीकडूनच. डब्लिनजवळ सिटीवेस्टला राहते, तिथल्याच एका कंपनीत काम करते. आयर्लंडमध्ये पूर्वी प्रत्येक कौन्सिलची मतदार यादी वेगळी असायची. कुणाची एक्सेलमध्ये, कुणाची इतक्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये की ते लिहिणारा माणूस रिटायर होऊन गोल्फ खेळतोय. जुन्या कायद्याला मतदाराचं नाव आणि पत्ता एवढं पुरायचं. मग कायदा बदलला. सगळ्या देशाचा एकच डेटाबेस करायचा ठरलं. प्रत्येकाची जन्मतारीख घ्यायची, पीपीएस नंबर घ्यायचा, जो साधारण आपल्या आधारसारखा, आणि एअरकोड घ्यायचा. एअरकोड म्हणजे पिनकोडच, पण इथे तो प्रत्येक घराचा वेगळा असतो.

कायदा नवीन झाला, याद्या मात्र जुन्याच होत्या. त्या एकत्र करताना एकाच माणसाचं नाव दोनदा येऊ नये म्हणून रूल लिहायचा होता. तो माझ्याकडे आला. मी लिहिला: नाव सारखं, पत्ता सारखा, तर माणूस एक. पहिली नोंद ठेवा, बाकीच्या काढा. दोन ओळींचा, सुटसुटीत. मला फार आवडला होता.

तो रूल घेऊन मी पश्चिमेकडच्या एका कौन्सिलमध्ये गेले. नाव सांगत नाही, पुन्हा जायचं आहे. तिथे मतदार नोंदणीचं टेबल ब्रेडाकडे. साठीला आलेली, तीस वर्षं त्याच खुर्चीत. इंग्रजीत सगळ्यांना एकच यू, पण ब्रेडाशी बोलताना मी मनातल्या मनात अहो-जाहोच करायचे. तिच्या मागे एक प्रेस होतं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, मी पहिल्या वर्षी इस्त्री शोधत हिंडले होते. त्या प्रेसमध्ये पुठ्ठ्याची कार्डं, प्रत्येक मतदाराचं एक, आणि त्यावर पेन्सिलने शेरे. 'लाल फाटक.' 'पायऱ्या चढत नाही.' 'भावाशी बोलत नाही, वेगळ्या वेळी बोलवा.'

"हे कुठल्या कॉलममध्ये टाकायचं?" मी विचारलं.

"कुठला आहे?"

"याला कॉलमच नाही."

"मग एक काढ," ब्रेडा म्हणाली आणि कपाट बंद केलं.

यादीत खाली जाता जाता मला पॅट टिअर्नी सापडला. एकाच टाउनलँडमध्ये सात वेळा. टाउनलँड म्हणजे आपली वाडी. तिथल्या घरांना नंबर नसतात, वाडीचं नाव हाच सगळ्यांचा पत्ता. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. माझ्या डोक्यात एकच शब्द पेटला: बोगस!

यात माझ्या संस्कारांचा दोष आहे. माझे अण्णा तासगावजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मतदार यादीसाठी घरोघरी हिंडणं आणि निवडणुकीची ड्युटी त्यांनी नोकरीभर केली. आमच्या घरी जेवताना भुताच्या नाही, बोगस मतदाराच्या गोष्टी व्हायच्या. बोटाची शाई पुसून परत रांगेत लागलेला पैलवान, मेलेल्या मावशीच्या नावावर मत टाकून गेलेली भाची. त्यामुळे एका वाडीत सात पॅट दिसल्यावर इथल्या कुणालाही काही वाटलं नसतं, मला मात्र चोर सापडला.

ब्रेडाला दाखवलं. तिने चष्म्यावरून पाहिलं. "त्या पॅटांच्या वाटेला जाऊ नकोस."

झालं. मला वाटलं, बाईसुद्धा सामील आहे.

डब्लिनमध्ये आमचा प्रोजेक्ट मॅनेजर डेक्लन. त्याला फोन केला.

"सात वेळा?" तो जवळजवळ आनंदाने ओरडला. "युअर मॅन सात वेळा मत देतो?" इथे कुठल्याही तिऱ्हाइताला युअर मॅन म्हणतात, तो तुमचा कोणी नसला तरी.

"तसं दिसतंय."

"ब्रिलियंट! स्लाइडमध्ये टाक."

त्या वीकेंडला घरी हीच गोष्ट मी जेवताना रंगवून सांगितली. अण्णा तेव्हा आमच्याकडे आले होते. ते भात कालवता कालवता थांबले.

"बापाचं नाव बघितलंस का?"

"इथल्या यादीत वडिलांचं नाव नसतं, अण्णा."

"नसतंय? मग ह्यो पॅट कुनाचा आन त्यो पॅट कुनाचा, कळायचं कसं गं?"

"इथे गरज नसते."

"गरज नसती व्हय?" अण्णा म्हणाले. "दुबार नाव कापायच्या आदी दारात जाऊन यायचं आसतंय. मी काय सांगू, तू शिकल्याली."

शिकलेलीने ऐकलं नाही. कायद्याप्रमाणे नाव काढण्याआधी नोटीस द्यावी लागते. कौन्सिलने सहा नोंदींना सहा पत्रं पाठवली: तुमची नोंद दुबार वाटते, तसं नसेल तर अमुक तारखेपर्यंत जन्मतारीख आणि पीपीएस नंबर कळवा. एकाचंही उत्तर आलं नाही. मी म्हटलं, बघा, चोर कुठे उत्तर देतो! रूल चालवला. सातांचा एक झाला.

ब्रेडाने नवी यादी पाहिली. तिने फक्त सहा फोन केले आणि सगळ्यांना एकच वेळ दिली, मंगळवारी सकाळी दहा.

तर ते सहा जण उभे होते.

ब्रेडा चहा ठेवून बाहेर आली. "पॅट मिक टॉम," तिने हाक मारली. टायवाला म्हातारा पुढे आला. "पॅट जो टॉम." एक टक्कलवाला आला. "पॅट पॅट मिक." चिखलाचे बूट आले. ती एकेकाला हाक मारून माझ्यासमोरच्या खुर्च्यांवर बसवत गेली. एकदाही चुकली नाही.

"ही मधली नावं कुठली?" मी विचारलं.

"मधलं बापाचं. शेवटचं आजोबांचं. सगळेच टिअर्नी, सगळेच पॅट. मग माणूस ओळखायचा कसा?"

माझ्या पासपोर्टवर माझं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव आहे. या देशात प्रत्येक फॉर्म भरताना त्या मधल्या नावाने माझा छळ केलाय. आणि इथे पश्चिमेकडच्या वाडीत अख्खं गाव तीच पद्धत तोंडाने वापरत होतं. फक्त ती कुठल्याच कॉलममध्ये नव्हती. ब्रेडाच्या कपाटात मात्र होती, पेन्सिलने लिहिलेली. मी ती कार्डं उघडूनही पाहिली नव्हती.

फॉर्म भरायला घेतले. पॅट जो टॉम पीपीएस नंबर सांगेना. "सरकारनेच मला दिलाय ना? मग त्यांना तो परत कशाला हवा?" त्याला दोन बिस्किटं आणि कायद्याचं कलम असं मिळून पटवलं. टायवाल्या म्हाताऱ्याचा फॉर्म मी स्वतः भरला. त्याने सावकाश विचारलं, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये मी मेलो होतो का?"

"नाही, नाही. तुम्ही फक्त दुसऱ्या कुणासारखे होतात."

"मेलो असतो तर एक वेळ चाललं असतं," तो म्हणाला. "मत द्यायला लागल्यापासून मी एक इलेक्शन चुकवलेलं नाही. बर्फात चालत गेलोय."

मला खरंच लाज वाटली. मी सॉरी म्हटलं. त्याने माझा हात थोपटला आणि म्हणाला, "यू'र ग्रँड." म्हणजे, असू दे, काही बिघडलं नाही. ते ऐकून आणखी वाईट वाटलं.

नावं परत घ्यायला डेक्लनचं अप्रूव्हल लागणार होतं. फोन लावला.

"हे इलेक्शननंतर नाही का करता येणार?" तो म्हणाला. "ती स्लाइड सगळ्यांना फार आवडली आहे."

ब्रेडाने माझ्या हातातला फोन घेतला, स्पीकर लावला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. "डेक्लन, पॅट टिअर्नीशी बोल."

"हॅलो, पॅट," डेक्लन म्हणाला.

"हॅलो," सहा आवाज आले.

अप्रूव्हल पाच मिनिटांत ईमेलवर आलं. शुक्रवारपर्यंत थांबायची गरजच पडली नाही, दुपारी जेवणाआधी सहाही जण यादीत परत गेले. प्रत्येकाच्या नावापुढे जन्मतारीख आणि एअरकोड. आता कुणाच्या बापाला ते एक वाटणार नव्हते.

सगळे निघाले, टोप्या चढवल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाकावर सहा होते. यादीत सात.

"रूलने ज्याला ठेवला तो सातवा पॅट कोण?" मी विचारलं.

सहाही जणांनी ब्रेडाकडे पाहिलं. ब्रेडाने खिडकीकडे.

"तो पॅट टॉम," टायवाला म्हणाला. "माझा काका. देव त्याचं भलं करो. जाऊन नऊ वर्षं झाली."

पहिली नोंद ठेवा, असं मी लिहिलं होतं. पहिली म्हणजे सगळ्यात जुनी. माझ्या सुटसुटीत रूलने सहा जिवंत माणसं कापली होती आणि नेमका मेलेला तेवढा जपून ठेवला होता.

सगळे गेल्यावर ब्रेडाच आपणहून बोलली. पॅट टॉम गेला त्या वर्षी तिने नाव काढायला घेतलं, तर त्याची बायको नोरा दुकानात भेटली आणि म्हणाली, पॅटचं मतदानाचं कार्ड आलंय. ब्रेडाला वाटलं, बाईला तेवढंच बरं वाटतंय, राहू दे एक वर्ष. त्याच्या नावावर कधी कुणी मत दिलं नाही, तेवढं ती बघायची. "पहिल्या वर्षी दया आली," ती म्हणाली. "दुसऱ्या वर्षापासून लाज वाटायला लागली. आता तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

आता नाव काढणं भागच होतं. घरच्यांची सही हवी होती. आम्ही दोघी ब्रेडाच्या गाडीतून गेलो. रस्त्यावरचं पहिलंच घर नोराचं. नव्वदीची, ताठ. तिने चहा केला, केक कापला. ब्रेडा नुसती केकचे तुकडे करत राहिली. शेवटी मीच विषय काढला, शक्य तितक्या हळुवारपणे, की कायदा आता बदलला आहे आणि पॅटचं नाव यादीतून काढावं लागेल.

"अजून काढलं नाही?" नोरा म्हणाली.

"अजून म्हणजे?"

"अहो, तुमची पत्रं आली ना! सहा आली. पॅट टिअर्नी, तुमचं नाव काढत आहोत. पोस्टमन म्हणाला, सगळ्यांवर एकच नाव आहे, तुम्हीच वाटून टाका. वाटायचं काय त्यात? म्हटलं, चला, कौन्सिलला एकदाचा पत्ता लागला, माणूस मेलाय. आणि सहा वेळा कळवतायत म्हणजे पक्कं आहे. सगळी चुलीत घातली."

ब्रेडाने कप खाली ठेवला. "नोरा, त्याचं कार्ड येतं म्हणून तुला बरं वाटायचं ना?"

"बरं? जन्मभर त्याने चुकीच्या पार्टीला मत दिलं. दर वेळी कार्ड आलं की मला धास्ती, हा परत जाऊन देतोय की काय!" तिने हात पुढे केला. "कुठे सही करू?"

नंतर मी रूल बदलला. नुसतं नाव आणि पत्ता सारखा म्हणून नोंद दुबार समजू नये, जन्मतारीख जुळली पाहिजे, आणि नाव काढण्याआधी नोंदणी ऑफिसातल्या माणसाला विचारलं पाहिजे. नव्या नियमावलीत ते वाक्य घालावं असं मी सुचवलं, तर ती लिहिणाऱ्या वकिलाने विचारलं, अशी केस प्रत्यक्षात येऊ शकते का? मी उत्तर पाठवलं: येते, दहाच्या अपॉइंटमेंटला.

अण्णांना सगळं फोनवर सांगितलं. आधीच सांगितलं होतं, असं त्यांनी बोलून दाखवलं नाही, एवढंच विचारलं, "त्या म्हाताऱ्यानं मत दिलं का मग?"

दिलं. ब्रेडाने कळवलं, सकाळी पहिला तोच आला होता, टाय बांधून.

आता मी नवीन पोरांना ट्रेनिंग देते तेव्हा रूल, मॅचिंग, सगळं शिकवते. शेवटी एवढंच सांगते की यादीतलं नाव काढण्याआधी एकदा दार उघडून हाक मारून बघा. किती जण उठून उभे राहतात ते मोजा, आणि जो उठणार नाही तोच नेमका तुमच्या यादीत राहिलेला नाही ना, तेही बघा.